अंगावरून पांढरं जाणं: नेहमीचं कोणतं, बदललेलं कोणतं आणि डॉक्टरांना कधी दाखवायचं

दवाखान्यात आलेली बाई आधी कंबरदुखी सांगते, मग अशक्तपणा सांगते, भूक लागत नाही म्हणते. तपासून होतं, चिठ्ठी हातात पडते आणि उठता उठता तिचा आवाज खाली येतो: "आणि मॅडम, जरा अंगावरून पांढरं पण जातं." पुष्कळदा ती त्याच कारणासाठी आलेली असते. ते शेवटचं वाक्य तिला पहिल्यांदा सांगता यावं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

यात दोन टोकं सारखीच त्रास देतात. एकीकडे अगदी निरोगी मुलगी "मला काहीतरी रोग झालाय" म्हणून वर्षभर झुरते. दुसरीकडे पन्नाशीपुढची बाई रक्तमिश्रित पाणी जात असताना "वयाचं असेल" म्हणून गप्प बसते. दोघींना लागणारी माहिती एकच आहे. आपल्याला एरवी काय जातं ते ठाऊक हवं, म्हणजे बदल झाला की कळतो. आणि बदल कळला की तपासून घ्यायचं, अंदाजाने गोळी घ्यायची नाही.

पुढे वाचण्याआधी

खालीलपैकी काही होत असेल तर लेख राहू द्या, आजच रुग्णालय गाठा. गरज पडली तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

- स्रावासोबत ओटीपोटात जोरात दुखतंय, ताप आहे, उलट्या होत आहेत.
- बाळंतपण, गर्भपात किंवा कॉपर-टी बसवणं नुकतंच झालंय आणि घाण वासाचा स्राव व ताप आहे.
- गरोदर आहात आणि रक्त जातंय, किंवा पाणी एकदम वाहिलं आहे, किंवा थेंब थेंब ठिबकत राहिलं आहे.
- पाळीत आत ठेवायचा टॅम्पॉन किंवा कप बराच वेळ आत राहिला आणि आता ताप, अंगावर लाल पुरळ, चक्कर आहे.
- तुमच्यावर जबरदस्ती झाली आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही लवकरात लवकर घ्यावी लागते. अशा वेळी मोफत उपचार देणं खासगी असो वा सरकारी, प्रत्येक रुग्णालयावर कायद्याने बंधनकारक आहे.

पायरी १: आपलं नेहमीचं ओळखा

योनीमार्ग आपली सफाई आपणच करतो. गर्भाशयाच्या मुखातल्या ग्रंथींमधून येणारा चिकट द्रव, योनीच्या भिंतींतून झिरपणारं पाणी आणि गळून पडलेल्या पेशी मिळून हा स्राव बनतो. पाळी येणाऱ्या वयातल्या बहुतेक बायकांना तो दिवसाला साधारण १ ते ४ मिलिलिटर जातो. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावतात, त्यावरून अंदाज घ्या. काहींना याहून जास्त जातो, तरी त्या निरोगी असतात.

योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जिवाणू राहतात. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तिथल्या पेशींत साखरेचा साठा होतो, त्यापासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आतलं वातावरण आंबट ठेवतात. त्याचा पीएच ३.८ ते ४.५ च्या दरम्यान असतो. या आंबटपणात रोगजंतूंना सहज वाढता येत नाही. म्हणून निरोगी स्रावालाही किंचित आंबूस वास असतो. गडद रंगाच्या निकरचा मधला भाग फिका पडतो तोही याच आम्लामुळे. कितीतरी मुली तो उडालेला रंग पाहून घाबरतात, पण त्यात भिण्यासारखं काही नाही. स्राव वाळला की कापडावर पिवळसर डाग दिसतो, तोही नेहमीचाच.

महिन्याभरात हा स्राव एकसारखा राहत नाही. पाळी संपल्यावर दोन-चार दिवस कोरडे जातात. मग पांढरट, चिकट स्राव सुरू होतो. बीजकोशातून बीज सुटण्याच्या सुमारास तो पारदर्शक आणि बुळबुळीत होतो. अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा दोन बोटांत धरून ताणता येतो. हे बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. म्हणजे २८ दिवसांनी पाळी येत असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, ३५ दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. त्यानंतर स्राव पुन्हा घट्ट, दुधाळ आणि कमी होतो. निकर ओली झाली तरी खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, तर हे सारं शरीराचं नेहमीचं काम आहे.

वयाप्रमाणेही फरक पडतो. पहिली पाळी येण्याच्या सहा महिने ते वर्षभर आधीपासून मुलीला पांढरं जाऊ लागतं. हे आईने, मावशीने किंवा शाळेतल्या बाईंनी तिला आधीच सांगितलेलं असावं, कारण न सांगितलेली मुलगी ते लपवते आणि मनात भलतंच काही धरून बसते. गरोदरपणात स्राव वाढतो. अंगावर पाजत असताना आणि पाळी गेल्यावर तो कमी होतो, कोरडेपणा येतो. बाळंतपणानंतर चार ते सहा आठवडे स्राव जातो. आधी लाल, मग तपकिरी-गुलाबी आणि शेवटी पिवळट पांढरा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा कॉपर-टी यांनीही प्रमाण बदलू शकतं.

पायरी २: दोन महिने खूण करून ठेवा

वही नको, अ‍ॅप नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीची तारीख लिहिताच ना, तिथेच पुढच्या दिवसांवर एकेक अक्षर लिहा: को म्हणजे कोरडं, चि म्हणजे चिकट, ता म्हणजे ताणलं जाणारं, घ म्हणजे घट्ट. घरात सगळ्यांच्या नजरेला पडू नये असं वाटत असेल तर मोबाइलमध्ये टिपा. त्या दिवशी खाज होती का, संबंध आला होता का, एखादी गोळी चालू होती का, एवढं सोबत लिहिलं तरी पुष्कळ झालं.

गौरी-गणपतीसाठी, लग्नासाठी किंवा वारीला जायचं म्हणून पाळी पुढे ढकलणारी गोळी घेतली असेल तर तीही लिहा. या गोळ्यांनी मधेच डाग दिसू शकतात आणि नेहमीचा क्रम काही काळ विस्कटतो. डॉक्टरांपुढे बसल्यावर "कधीपासून?" या प्रश्नाला "बरेच दिवस झाले" एवढंच उत्तर दिलं तर त्यांना फार काही कळत नाही. तारीख सांगितलीत तर निम्मं काम तिथेच होतं.

पायरी ३: काय बदललं ते नेमकं बघा

नुसत्या रंगावरून निदान होत नाही. तरीही तेवढ्यावरच औषध देणारे आणि घेणारे भरपूर आहेत. रंगाबरोबर वास, घट्टपणा, खाज किंवा आग, आणि हे कधी होतं (संबंधानंतर, पाळीनंतर, प्रतिजैविकांचा कोर्स झाल्यावर) असं सगळं एकत्र पाहावं लागतं. नेहमी आढळणारी तीन कारणं अशी.

*बुरशीचा संसर्ग.* कँडिडा नावाच्या बुरशीमुळे होतो. स्राव पांढरा, दही फुटल्यासारखा गुठळ्यांचा. वास जवळपास नसतोच. मुख्य तक्रार खाजेची असते, आणि ती रात्री झोपू देत नाही. बाहेरची त्वचा लाल होते, सुजते, लघवीची धार लागली की चरचरतं, संबंधाच्या वेळी दुखतं. दर चार बायकांपैकी साधारण तिघींना हा आयुष्यात एकदा तरी होतो, त्यामुळे लाज वाटण्याचं कारण नाही. घशासाठी किंवा दातासाठी प्रतिजैविकं घेतल्यावर, गरोदरपणात आणि रक्तातली साखर वाढलेली असताना तो जास्त होतो. वर्षात तीन किंवा त्याहून अधिक वेळा झाला तर साखर तपासून घ्याच. मधुमेह आहे हे अशाच खाजेमुळे पहिल्यांदा कळलेल्या बायका डॉक्टरांना नेहमी भेटतात.

*जिवाणूंचं संतुलन बिघडणं.* डॉक्टर याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, चिठ्ठीवर बीव्ही असं लिहितात. उपकारक लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि दुसरे जिवाणू माजतात. स्राव पातळ, करडट पांढरा. वास खवट, मासळीसारखा. वीर्य अल्कधर्मी असल्याने संबंधानंतर हा वास जास्त येतो, पाळीच्या दिवसांतही वाढतो. खाज फारशी नसते. नीट समजून घ्यावी अशी एक गोष्ट म्हणजे हा अस्वच्छतेचा आजार नाही. उलट वास येतो म्हणून साबणाने, वॉशने आत धुणाऱ्या बाईचं संतुलन आणखी बिघडतं, वास वाढतो, ती आणखी धुते. या फेऱ्यात अडकलेल्या बायकांनी आधी धुणं थांबवायला हवं. गरोदरपणात बीव्हीमुळे वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो, म्हणून तेव्हा हा वास दुर्लक्षून चालणार नाही.

*ट्रायकोमोनास.* हा एकपेशीय परजीवी शरीरसंबंधातून पसरतो. पिवळट-हिरवट, कधी फेसाळ, दुर्गंधीचा स्राव, सोबत खाज आणि जळजळ. इथे नवऱ्याने किंवा जोडीदारानेही त्याच वेळी औषध घ्यायला हवं. पुरुषाला बहुधा काहीच जाणवत नाही, म्हणून तो "मला काय झालंय?" म्हणतो आणि औषध घेत नाही. मग बायको बरी होऊन पुन्हा आजारी पडते.

याखेरीज क्लॅमिडिया आणि गनोरिया हे लैंगिक आजार आहेत. त्यात स्राव पूसारखा होऊ शकतो, संबंधानंतर रक्ताचा डाग दिसू शकतो, पण पुष्कळ बायकांना लक्षणच नसतं. उपचार राहून गेले तर संसर्ग गर्भाशयात आणि बीजवाहिन्यांत चढतो. नळ्या बंद झाल्या की मूल राहत नाही किंवा गर्भ नळीतच राहण्याचा धोका वाढतो. ओटीपोटात सतत दुखतंय, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतंय, बारीक ताप आहे, अशी लक्षणं स्रावासोबत असतील तर आठवडाभर वाट बघू नका.

संसर्ग नसतानाही स्राव बदलतो. आत विसरलेला टॅम्पॉन (तपकिरी, असह्य वासाचा स्राव), सुगंधी पॅड, नवा साबण, कंडोमची अ‍ॅलर्जी ही कारणं पटकन लक्षात येत नाहीत.

पायरी ४: मेडिकलमधून गोळी आणण्याआधी थांबा

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये "पांढऱ्या पाण्याची गोळी" मागितली की काहीतरी मिळतं. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि आजार तसाच राहतो. बुरशीची गोळी बीव्हीवर चालत नाही, बीव्हीची गोळी बुरशीवर चालत नाही. आणि स्वतःच्या अंदाजाने "बुरशीच आहे" म्हणणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींना तपासणीत वेगळंच काही निघतं.

सगळ्यात जास्त नुकसान खाजेवर लावल्या जाणाऱ्या मिश्र क्रीमचं होतं. त्यात बुरशीच्या औषधासोबत जोरदार स्टिरॉइड असतं. खाज तासाभरात थांबते, म्हणून ट्यूब घरात राहते आणि बहिणीलाही दिली जाते. त्या जागेची त्वचा पातळ होते आणि बुरशी चिवट बनते. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल तर ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिथे लावू नका.

गरोदर बाईने तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोलची गोळी स्वतःहून कधीही घेऊ नये. तिच्यासाठी योनीत ठेवायच्या वेगळ्या गोळ्या असतात आणि त्या डॉक्टरच देतात.

तुरटीचं पाणी, कडुनिंबाचा काढा, डेटॉल, दही, लसूण, लिंबू यातलं काहीही आत घालू नका. हे कळकळीने सांगते आहे, कारण भाजलेली, सोललेली त्वचा घेऊन आलेल्या बायकांचे हाल बघवत नाहीत.

पायरी ५: किती दिवसांत दाखवायचं

आजच्या आज कधी ते वर आलंच आहे. दोन-तीन दिवसांत दाखवावं असं हे: घाण वास, हिरवा-पिवळा किंवा करडा रंग, फोड किंवा जखम, ओटीपोटात दुखणं, गरोदरपणात नव्याने आलेली खाज किंवा वास, जोडीदाराला लघवीच्या जागी जळजळ किंवा स्राव. पहिल्यांदाच आलेली दह्यासारखी गुठळी आणि खाजही याच आठवड्यात दाखवून घ्या. मुदत दिली आहे ती घाबरवायला नाही. "पाळी होऊ दे, मग बघू, सण होऊ दे, मग बघू" असं म्हणता म्हणता महिने जातात.

रक्ताची गोष्ट वेगळी. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मधे पुन्हा पुन्हा रक्त, किंवा पाण्यासारखा, घाण वासाचा, रक्ताची छटा असलेला स्राव दिसला की गर्भाशयाच्या मुखाची तपासणी झालीच पाहिजे. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण गर्भाशयमुखाचा कर्करोग अशाच लक्षणांनी पुढे येतो, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो.

पाळी जाऊन पूर्ण १२ महिने झाल्यावर एक थेंब रक्त दिसलं, गुलाबी डाग पडला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. इथे "उष्णता झाली असेल" हे कारण मी कुणाकडूनही मान्य करणार नाही. या वयात इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीची त्वचा नाजूक होते, कोरडी पडते, त्यातूनही डाग पडू शकतो आणि त्यावर साधं क्रीम असतं. पण सोनोग्राफीने गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पाहिल्याशिवाय तसं ठरवता येत नाही. आई, सासूबाई, आत्या स्वतःहून हे सांगणार नाहीत. त्यांना तुम्हीच विचारा.

लहान मुलींबद्दल थोडं. नवजात मुलीला पहिल्या एक-दोन आठवड्यांत पांढरट स्राव, क्वचित रक्ताचा थेंब येतो. तो आईच्या संप्रेरकांचा परिणाम असतो आणि आपोआप थांबतो. त्यानंतर मात्र वयात येण्याआधीच्या मुलीला स्राव, वास किंवा खाज असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जंत, साबणाची आग, आत गेलेला कागदाचा बोळा किंवा मणी अशी कारणं असतात. कुणी चुकीचा स्पर्श केला का, हेही शांतपणे, तिला न रागावता पाहावं लागतं. तशी शंका असेल तर चाइल्डलाइन १०९८ आहे.

पायरी ६: पुण्यात कुठे जायचं

ओळखीचे स्त्रीरोगतज्ज्ञ असतील तर उत्तमच. खासगी फी परवडत नसेल तरी तपासणी टाळायचं कारण नाही. स्टेशनजवळचं ससून, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीत संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, या सगळीकडे स्त्रीरोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, जुने कागद सोबत ठेवा. वस्तीत राहत असाल तर जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात आशाताईंना विचारा, त्या नेमकं कुठे जायचं ते सांगतात.

मोठ्या सरकारी रुग्णालयांत लैंगिक आणि प्रजनन मार्गाच्या संसर्गासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे समुपदेशन आणि औषधं मोफत मिळतात. लक्षणांप्रमाणे रंगीत पाकिटं ठरलेली आहेत. योनीच्या संसर्गासाठी हिरवं, गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी करडं, ओटीपोटातल्या संसर्गासाठी पिवळं. फोनवर नाव न सांगता विचारायचं असेल तर १०९७ ही एड्स नियंत्रण संघटनेची हेल्पलाइन निःशुल्क आहे.

शिकायला किंवा नोकरीला येऊन सदाशिव पेठेत, कर्वेनगरला, हिंजवडीत एकट्या राहणाऱ्या मुलींना मुख्य भीती असते ती "घरी कळेल का?" याची. तुम्ही १८ वर्षांच्या पुढच्या असाल तर डॉक्टरांनी तुमच्या संमतीशिवाय घरच्यांना सांगायचं नसतं.

पायरी ७: तपासणीच्या खोलीत

जाण्याआधी एक-दोन दिवस संबंध टाळा आणि आत काही घालू नका, काही लावू नका. पाळी चालू असेल तर, तातडीचं नसल्यास, ती संपू द्या. पण रक्तस्राव हीच तक्रार असेल तर थांबू नका.

"लग्न झालंय का?" असं डॉक्टर विचारतात तेव्हा त्यांना बहुधा शरीरसंबंध आलाय का हे हवं असतं. लग्न झालं नसेल आणि संबंध आला असेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण तपासण्या त्यावरून ठरतात. सोबत आई किंवा वहिनी असेल आणि तिच्यासमोर बोलता येत नसेल तर "मला एकटीला बोलायचंय" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी खोलीत दुसरी स्त्री असावी, हाही रुग्णाचा मान्य हक्क आहे.

तपासताना स्पेक्युलम नावाचं उपकरण आत घालून योनी हलकेच उघडतात आणि गर्भाशयाचं मुख डोळ्यांनी पाहतात. एक-दोन मिनिटांचं काम असतं. अवघडल्यासारखं वाटतं, पण श्वास सोडून मांड्या सैल ठेवल्या तर दुखत नाही. दुखलं तर "थांबा" म्हणा, थांबलंच पाहिजे. कधीच संबंध आला नसेल तर सहसा स्पेक्युलम वापरत नाहीत, बाहेरून पाहून आणि बारीक स्वॅबने नमुना घेऊन काम होतं. पीएचची पट्टी आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्राव पाहणं या साध्या तपासण्यांतून बराच उलगडा होतो.

आत तपासणी होणारच आहे तर वय तीसच्या पुढे असल्यास गर्भाशयमुखाची चाचणीही मागून घ्या. सरकारी केंद्रांत अ‍ॅसेटिक आम्लाचं पातळ द्रावण लावून मुख पाहतात, काही मिनिटांत निकाल कळतो. ही चाचणी दर पाच वर्षांनी करायची असते. पॅप (मुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) किंवा एचपीव्ही चाचणी खासगीतही होते. या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूवरची लस आपल्या पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटने बनवली आणि ती २०२३ पासून मिळते आहे. मुलीचं वय ९ ते १४ असेल तर दोनच डोस पुरतात. लस घेतली तरी तिशीनंतरच्या चाचण्या चुकवायच्या नाहीत.

अशक्तपणा, झिजलेली हाडं आणि पांढरं पाणी

"अंगावरून जातंय, म्हणून हाडं झिजतात, कंबर मोडते." हे मी शिकलेल्या बायकांच्या तोंडूनही ऐकते. स्रावातून हाडं झिजत नाहीत, ताकद वाहून जात नाही. पण म्हणून तिची तक्रार खोटी नाही. ती खरंच थकलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. थकवा, कंबरदुखी, धाप ही रक्त कमी असल्याची, कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेची, न संपणाऱ्या कामाची आणि पुष्कळदा मनावरच्या ताणाची लक्षणं असतात. त्या बाईला "हे नॉर्मल आहे, जा घरी" म्हणून पाठवणं अर्धवट उपचार झाला. तिचं हिमोग्लोबिन बघा, झोप विचारा, घरात काय चाललंय ते विचारा.

उलट बाजूही आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये मांडले. ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. इतक्या वर्षांनंतर, पुण्यासारख्या शहरात, हाकेच्या अंतरावर दवाखाना असतानाही बाईला तपासण्याऐवजी तिला कॅल्शियमची बाटली दिली जाते, याचा मला राग येतो.

रोजची काळजी, विशेषतः पावसाळ्यात

बाहेरची जागा साध्या पाण्याने धुवा, आत काही नको. सुगंधी वॉश, वाइप्स, स्प्रे यांची गरज नाही, जाहिरात काहीही म्हणो. शौचानंतर पुढून मागे धुवा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत. हॉस्टेलवर, कॉट बेसिसच्या खोलीत मुली निकर टॉवेलखाली लपवून वाळत घालतात, ती दमटच राहते आणि सकाळी तशीच घातली जाते. मग वर घट्ट जीन्स, त्यावर रेनकोट, आणि स्कूटरवर स्वारगेट ते विमाननगर. ओलावा आणि उष्णता मिळाली की बुरशी वाढते. सुती निकर उघड्यावर, वाऱ्यावर वाळवा. ओलसर राहिली तर इस्त्री फिरवा. ऑफिसला पोचेपर्यंत भिजलात तर बदलायला एक जोडी पर्समध्ये असू द्या. रात्री सैल कपडे घाला. रोज पँटी-लायनर लावायची सवय असेल तर ती सोडा.

उपचार सुरू झाल्यावर

कोर्स पूर्ण करा. बीव्ही आणि ट्रायकोमोनाससाठी बहुधा मेट्रोनिडाझोल सात दिवस देतात. तोंड धातूसारखं कडवट होतं, मळमळतं, म्हणून ती जेवणानंतर घ्या आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी सोडू नका. योनीत ठेवायच्या गोळ्या रात्री झोपताना ठेवा, सकाळी थोडी पावडर बाहेर आली तर घाबरू नका. या काळात संबंध टाळलेलेच बरे. तेलकट क्रीममुळे कंडोम फाटू शकतो, हेही लक्षात असू द्या.

ट्रायकोमोनास, क्लॅमिडिया किंवा गनोरिया निघाला तर जोडीदाराचे उपचार सोबतच व्हायला हवेत. साध्या बुरशीत त्याची सहसा गरज नसते. बीव्ही वारंवार उलटत असेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल बोला. आजवर पुरुषाला औषध देत नसत, पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पुरुषालाही उपचार दिल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. नवऱ्याशी हा विषय काढणं अनेक घरांत अवघड असतं, मी जाणते. अशा वेळी डॉक्टरांना त्याला बोलावून स्वतः सांगायची विनंती करा, बहुतेक डॉक्टर ते करतात.

ट्रायकोमोनासचे उपचार झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. इतर आजारांत औषध संपून आठवडा झाला तरी त्रास तसाच असेल, किंवा दोन महिन्यांत उलटला, तर तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून औषध आणू नका. त्याच डॉक्टरांकडे आधीचे सगळे कागद आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. साखर, एचआयव्ही आणि स्रावाचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखणं) यांबद्दल विचारा. त्या दिवशी आत क्रीम किंवा गोळी घालून जाऊ नका, नाहीतर नमुन्यात जंतूंऐवजी औषधच दिसतं आणि पुन्हा यावं लागतं.